काकाजींची जागल आणि माझा तंबू

तर झालं असं की २०२४च्या डिसेंबरात आमची अख्खी टीम पवना धरणाच्या काठावर कॅम्पिंगला गेली होती. रिलीज नुकतंच पार पडलं होतं, क्लायंट ख्रिसमसच्या सुट्टीवर, त्यामुळे सगळे खुशीत. भाड्याचे तंबू, बार्बेक्यू, गिटार, रात्री दोनपर्यंत दंगा... नेहमीचं सगळं झालं. सकाळी सहाला मला जाग आली आणि चहा मिळतो का बघायला बाहेर आलो, तर काठावर थर्माकोलच्या प्लेटा, चिप्सची पाकिटं आणि एका कोपऱ्यात मोडक्या तंबूंचा ढीग. काड्या तुटलेल्या, चेन गेलेल्या. तिथल्या पोऱ्याला विचारलं, "याचं काय करता?" तो म्हणाला, "काय नाय सर, जाळून टाकतो."

तंबू म्हणजे प्लॅस्टिकच की! इतकी वर्षं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण "निसर्गाच्या सान्निध्यात" वगैरे जातो ते प्लॅस्टिकच्या पिशवीत झोपायला.

घरी येऊन जरा शोधाशोध केली. इंग्लंडमध्ये संगीत महोत्सवांना येणारे लोक तंबू तिथेच टाकून जातात. २०१९मध्ये तिथल्या स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने "तंबू घरी न्या" अशी मोहीम काढली होती, तेव्हा त्यांचा अंदाज होता वर्षाला सुमारे अडीच लाख तंबू. म्हणजे ही खोड फक्त आपलीच नाही. तेवढंच समाधान.

असो. पुढच्या हिवाळ्यात जायचं तर नीट जायचं, असं मी जाहीर करून टाकलं. आणि जागाही सुचवली : आमचं वावर. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. पलीकडे टिपेश्वरचं जंगल. काकाजी शेती करतात, विहीर आहे, बोरीची झाडं आहेत, रात्री आभाळ असं दिसतं की पुण्याची पोरं येडी होतील. सगळ्यांनी हात वर केले. मग प्रश्न उरला तंबूचा आणि तो अर्थातच माझ्या गळ्यात पडला. ज्याने मीटिंगमध्ये तोंड उघडलं त्याच्या नावावर टास्क, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे.

इंजिनिअरला काम दिलं की तो काय करतो? एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. रकाने पाडले : कापड, कोटिंग, काड्या, वजन, किंमत, दुरुस्ती. तीन वीकेंड त्यात गेले. त्यातून जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण तंबू घेताना दुकानातला माणूस फक्त "किती जणांचा हवा?" एवढंच विचारतो.

पहिलं म्हणजे कापड. बाजारातले बहुतेक तंबू पॉलिएस्टर नाहीतर नायलॉनचे. नायलॉन हलकं आणि मजबूत, पण उन्हात लवकर कुजतं. पॉलिएस्टर उन्हाला त्यातल्या त्यात जास्त टिकतं. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो आणि हिवाळ्यातही दुपारचं ऊन टोचतं, तिथे हा मुद्दा छोटा नाही. बाटल्यांपासून पुन्हा बनवलेलं पॉलिएस्टरही मिळतं. ते चांगलंच, पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, कोटिंग मारलेल्या तंबूचा पुन्हा तंबू करणं फार अवघड. म्हणजे तो प्लॅस्टिकचा शेवटून दुसरा थांबा.

दुसरं कोटिंग. कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यामुळे पाणी आत येत नाही. तंबूवर १५००, ३००० असे मिलिमीटरचे आकडे लिहिलेले असतात, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं. मला वाटायचं, आकडा जितका मोठा तितकं भारी. तसं नाही. डिसेंबरात विदर्भात अवकाळी सोडला तर पाऊस नसतोच. दव मात्र पडतं आणि आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडावर जमून टपटपते. म्हणजे गरज जाड थराची नाही, हवा खेळण्याची. आत जाळीचा तंबू आणि वर वेगळं आच्छादन, मध्ये हवेला जागा.

बाहेरून पाणी मोत्यांसारखं घरंगळून जावं म्हणून जे रसायन मारतात ते आणखी वेगळं. वर्षानुवर्षं त्यासाठी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली, जी निसर्गात जवळपास मोडतच नाहीत. त्यातलं एक, पीएफओए, २०१९मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५पासून अशा रसायनांच्या नव्या कापडांवर बंदी आणली, काही सवलती ठेवून. त्यामुळे आता बऱ्याच कंपन्या "पीएफएएस नाही" असं अभिमानाने लिहितात. लिहिलं नसेल तर विचारावं.

तिसरं आगप्रतिबंधक रसायन. अमेरिकेत १९७२च्या एका मानकामुळे तंबूच्या कापडात ते घालायची पद्धत पडली. तेव्हाचे तंबू मेणकापडाचे असत, पटकन पेट घेत. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तर तंबू नुसता उभा केल्यावर माणसांच्या हातांवर ही रसायनं सापडली. आपण मात्र तंबू लावून लगेच भेळ कालवायला बसतो!

चौथं काड्या. स्वस्त तंबूत फायबरग्लासच्या असतात. त्या चिरल्या की कुसं हातात घुसतात आणि भंगारवालाही घेत नाही. ॲल्युमिनियमच्या महाग, पण वाकल्या तर सरळ करता येतात आणि शेवटी भंगारात किलोवर पैसे येतात. भंगारवाला घेतो की नाही, ही माझ्या मते पर्यावरणाची सगळ्यात सोपी परीक्षा आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर मला साक्षात्कार झाला की हे सगळे प्लॅस्टिकचे लफडेच नकोत. सुती तंबू घ्यावा! जाड कॅनव्हासचा, सेंद्रिय कापसाचा. सुती धागा ओला झाला की फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात, त्यामुळे रसायनाशिवायही कॅनव्हास बऱ्यापैकी पाणी अडवतो. हवाही खेळते. फाटला तर कुठल्याही शिंप्याकडे ठिगळ लागतं. आणि शेवटी मातीत जातो. शिवाय आपण कोण? यवतमाळचे! पांढऱ्या सोन्याचा जिल्हा! कापूसवाल्याच्या पोराने कापसाच्या तंबूत झोपायचं, वा! मला तर त्या कल्पनेनेच गहिवरून आलं.

परदेशी साइटवर असा एक तंबू पाहिला. किंमत पाहून टॅब बंद केला. मग पुन्हा उघडला. वजन बघून डोक्यात नवं गणित सुरू झालं. कापड समजा दहा किलो. १०० किलो कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. पुढे सूतकताईत थोडी घट. म्हणजे एका तंबूला तीस-तेहतीस किलो कापूस. २०२५-२६च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तेहतीस किलोचे झाले २,७०० रुपयांच्या आतबाहेर, आणि तेही हमीभाव मिळाला तर. तंबूच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा किती, हे गणित मी शीटमध्ये मांडलं आणि तो रकाना नंतर लपवून ठेवला. बघवेना.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने काकाजींना सांगितलं. ते ओट्यावर बसून बॅटरी चार्जिंगला लावत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काहून रे बाबू, घरात झोपाले जागा नाही का?"

म्हटलं, "तसं नाही काकाजी. निसर्गात राहायचं, पण निसर्गाला त्रास न देता. म्हणून कापसाचा तंबू."

"कापसाचा." ते जरा थांबले. "म्हंजे कापूस निसर्गाले त्रास देत नाही, असं तुले कोनं सांगितलं?"

मी गप्प बसलो. कारण उत्तर मला माहीत होतं, फक्त शीटमध्ये त्याचा रकाना नव्हता.

२०१७च्या पावसाळ्यात मी इंजिनिअरिंगला पुण्यात होतो. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. देशभरच्या पेपरांत आलं. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये टीव्हीवर जिल्ह्याचं नाव ऐकून मुलं म्हणाली, "अरे तुझं गाव ना?" पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, अळी आटपेना म्हणून औषधांची मिसळ, अंगावर साधा शर्ट. काकाजींच्या वावरात वर्षानुवर्षं फवारायला येणारा माणूस, ज्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी पोळ्याला बैल बघितले, तो तेव्हा नऊ दिवस दवाखान्यात होता. वाचला. पण एका डोळ्याने त्याला अजून धूसर दिसतं. काकाजींनी त्यानंतर पंप दुसऱ्याच्या हातात दिला नाही. फवारणी स्वतः करतात. मास्क लावतात का, ते मी विचारलं की विषय बदलतात.

म्हणजे सुती म्हणजे निर्मळ, हे समीकरण आमच्याच जिल्ह्यात चालत नाही. आणि त्याचबरोबर कापूस म्हणजे पाण्याची नासाडी, हे जगभरच्या लेखांत वाचलेलं समीकरणही आमच्याकडे सरळ बसत नाही. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी वगैरे आकडे जगाच्या सरासरीचे. आमचा बहुतेक कापूस कोरडवाहू, आभाळातून पडेल तेवढ्यावरच. आला पाऊस तर आला, नाहीतर दुबार पेरणी. थोडक्यात काय, "इको-फ्रेंडली" असं एका शब्दात लेबल लावायचं तर कुठल्या गावचा कापूस, कुणी फवारला, हे विचारल्याशिवाय लावता येत नाही. सेंद्रिय कापूस पिकवणारे शेतकरी विदर्भात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला खरंच आदर आहे. पण माझा तो गहिवर उतरला हे खरं.

"चाल," काकाजी बॅटरी उचलत म्हणाले, "जागलीले चालतं का? तुले तंबू दाखवतो."

जागल म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रात्री वावरात राहून पिकाची राखण करणं. रानडुकरं आणि रोही. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा अर्धा एकर उकरून ठेवतो. रोही तुरीच्या शेंगा खातात आणि खातात त्यापेक्षा जास्त तुडवतात. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण गेलेलं पीक काही परत उभं राहत नाही. म्हणून दिवाळीपासून तूर घरात येईपर्यंत काकाजी रोज रात्री वावरात. वय बासष्ट.

वावराच्या भोवती काकूच्या जुन्या साड्या बांधलेल्या. वाऱ्याने हलल्या की डुकरं बिचकतात, असं म्हणतात. मधोमध चार बल्ल्यांवर पुरुषभर उंचीचा माळा. खाली तुराट्या-पऱ्हाट्या आडव्या बांधलेल्या, वर सोयाबीनचं कुटार, त्यावर पोतं, पोत्यावर गोधडी. छपराला निळी ताडपत्री. बस्स. चारी बाजूंनी उघडा.

मी चढून बसलो आणि मनातल्या मनात माझी शीट भरू लागलो. सांगाडा : स्थानिक लाकूड. फरशी : पिकाचा पालापाचोळा, हंगाम संपला की चुलीत. (पऱ्हाटी वावरात ठेवायचीच नसते, गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते.) बिछाना : काकूच्या लुगड्यांची गोधडी. वायुवीजन : शंभर टक्के. दुरुस्ती : सुतळी. वाहतूक : शून्य. सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी मार्क!

फक्त ताडपत्री सोडून. ती विणलेल्या प्लॅस्टिकची असते. दोन उन्हाळे गेले की हात लावला तरी भुगा पडतो. माळ्याखाली टॉर्च मारला तर मातीत निळ्या-निळ्या बारीक पट्ट्या विखुरलेल्या. गेल्या दहा-बारा वर्षांच्या. काकाजी म्हणाले, "हे कुजत नाही रे. वखरलं तरी वरतंच येते." माझ्या तंबूच्या लेखांमध्ये ज्याला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात ते काकाजी वखराने बघत होते.

त्या रात्री गप्पा झाल्या. वाघाबद्दल विचारलं. आमच्या भागात हा प्रश्न गमतीचा नाही. २०१८मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात टी-वन वाघिणीच्या दहशतीत लोकांनी जागली सोडल्या होत्या. वाघिणीला २ नोव्हेंबरला गोळी घातली, त्यावरून शहरात मोर्चे निघाले आणि गावात फटाके फुटले. काकाजींचं मत विचाराल तर ते म्हणाले, "वाघीन गेली तं वाईट वाटलं. जागलीले जाता आलं तं बरंबी वाटलं." आणि दोन्ही खरं होतं. टिपेश्वरचाच तो दुसरा प्रसिद्ध वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, २०१९मध्ये निघाला आणि तेराशेहून जास्त किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतांतून, रस्ते ओलांडत, नाले पार करत. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. इतकं लांब कॅम्पिंग करून मागे एक पाकीट टाकलं नाही पठ्ठ्याने :)

अडीचच्या सुमाराला काकाजी अचानक उठले, डबा बडवला आणि कंठातून असा आवाज काढला की मी दचकून खाली पडता पडता राहिलो. तुरीत काहीतरी खसफसलं आणि लांब गेलं. ते पुन्हा बसले. "झोप तू," म्हणाले. मी विचारलं, "रोज असंच?" तर म्हणाले, "नाही तं काय."

मला काही झोप लागली नाही. पवनेच्या काठी आम्ही डोक्याला दोन-दोन हजार देऊन जे करतो, जवळपास तेच हा माणूस वर्षातले तीन महिने करतो आणि त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. शब्दांचंच बघा ना. आपण लावला की तंबू, फौजेने लावली की राहुटी, आणि भटक्यांनी शहराच्या कडेला ठोकलं की ते पाल आणि लगेच अतिक्रमण. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य-मीठ लादून शेकडो मैल जायचे, मुक्कामाला डेरे टाकायचे, सकाळी उचलायचे. रेल्वे आली आणि त्यांची लदेणी संपली. "मागे काही ठेवू नका" हे कॅम्पिंगचं तत्त्व आम्ही यूट्यूबवरून शिकतो, त्यांच्याकडे मागे ठेवायला जास्तीचं काही नव्हतंच.

पुण्याला परत आलो आणि शीट पुन्हा उघडली. सगळ्यात वर एक नवा रकाना टाकला : "आधीच बनलेला आहे का?" कारण एक गोष्ट मला तीन वीकेंडच्या वाचनात दिसत होती पण कळत नव्हती. तंबूचा बहुतेक भार निसर्गावर पडतो तो कापड आणि काड्या बनतानाच. वापरताना तो काही पेट्रोल पीत नाही. म्हणजे कुठला घेतला यापेक्षा किती रात्री वापरला, हा भागाकार महत्त्वाचा. कितीही हिरवा तंबू दोनदा वापरून माळ्यावर टाकला तर तो वाईट, आणि साधा पॉलिएस्टरचा शंभर रात्री चालवला तर तो चांगला. सोपं आहे. पण यावर कोणी जाहिरात करत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

ऑफिसात मेल टाकली : कुणाकडे पडून असलेले तंबू आहेत का? चार निघाले! एक तर आमच्या टेस्टरच्या गॅलरीत सहा वर्षं. दोन चांगले, एक बरा, चौथ्याची चेन गेलेली, एक काडी चिरलेली आणि आतला थर चिकट झालेला, वास मारत होता. दमट हवेत घडी करून ठेवलं की तो पॉलियुरेथेनचा थर पाणी खाऊन सुटतो. तंबू मारायचा सोपा उपाय म्हणजे ओला घडी करणे. म्हणून घरी आणल्यावर एकदा दोरीवर वाळवायचा, एवढं केलं तरी वय दुप्पट होतं.

दुरुस्तीत मजा आली. चेनचं आख्खं नवं बसवावं लागेल वाटलं होतं, पण बॅगा शिवणाऱ्या मामांनी फक्त धावता बदलला, वीस रुपये. म्हणाले, "चेन जात नाही हो कधी, हे पुढचं बोटच सैल होतं." काडीचा चिरलेला तुकडा दुसऱ्या मोडक्या तंबूतून काढून घातला. शिवणीवरची पट्टी सुटली होती तिथे मी हुशारी करून हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन लावलं, बाथरूमच्या फरशांना लावतात ते. दुसऱ्या दिवशी सालपट निघाल्यासारखं अख्खं निघून आलं. पॉलियुरेथेनच्या कापडावर सिलिकॉन धरतच नाही, त्याला त्याच जातीचं लुकण लागतं. कम्पॅटिबिलिटी इश्यू. डॉक्युमेंटेशन आधी वाचावं, हे मी ज्युनिअर मुलांना रोज सांगतो!

जानेवारीच्या पहिल्या वीकेंडला आम्ही सहा जण गेलो. गाडी न काढता रेल्वेने धामणगाव आणि पुढे एसटी, कारण तंबू वाचवून डिझेल जाळायचं तर मग हिशोब कसला. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात तंबू ठोकता येत नाही, आणि ठोकूही नये. आम्ही वावरातच, माळ्याच्या शेजारी, सोयाबीन निघालेल्या पट्टीत तंबू लावले. पत्रावळ्या पळसाच्या, शेकोटी पऱ्हाटीची, तीही छोटी. गिटार आणली होती पण पीएल म्हणाला, "राहू दे यार." इतकं शांत होतं.

माझी एक योजना होती. चांगल्यातला चांगला तंबू काकाजींना द्यायचा. थंडी लागणार नाही, दव लागणार नाही, डास नाहीत. संध्याकाळी मोठ्या कौतुकाने उभा करून दाखवला. ते वाकून आत गेले, बसले, जाळीवर बोट फिरवलं, बाहेर आले.

"लय चांगला आहे," म्हणाले. "पन आत बसलं तं डुक्कर दिसन कसं?"

झालं. तीन वीकेंड, अकरा रकाने, आणि तंबू कशासाठी हवा हा रकानाच मी ठेवला नव्हता. आम्ही रिक्वायरमेंट न विचारता प्रॉडक्ट बनवतो म्हणून क्लायंट ओरडतो ते उगाच नाही.

मग त्यांना काय हवं ते विचारलं. उशिराच सुचलं, पण विचारलं. म्हणाले, छप्पर टिकाऊ पाहिजे आणि माझ्याऐवजी कोणी एक रात्र बसलं तं बरं होईल. पहिल्याची सोय झाली : यवतमाळला ताडपत्री आणि सीटकव्हर शिवणाऱ्याकडून जाड सुती कॅनव्हासचा तुकडा शिवून घेतला, कडांना दुहेरी शिवण आणि पितळी कड्या. उन्हाळ्यात काढून घरात ठेवायचा, म्हणजे पाच-सात वर्षं तरी भुगा व्हायचा नाही, आणि झाला तरी निळा नाही होणार. त्यात कुणाचा कापूस होता, कुणी फवारला होता, मला माहीत नाही. पण फाटेपर्यंत वापरायचा, एवढं हातात आहे.

दुसऱ्याची सोय त्याच रात्री केली. सहा जण, दोन-दोन तासांच्या पाळ्या, डबा, बॅटरी आणि आरोळी. ऑन-कॉल रोस्टरच बनवला. काकाजींना जबरदस्तीने घरी पाठवलं. काकू म्हणाली, दिवाळीनंतर पहिल्यांदा हे घरी झोपणार.

माझी पाळी दोन ते चार. माळ्यावर बसलो होतो. साड्या हलत होत्या, खाली चार तंबूंत पाच सॉफ्टवेअर इंजिनिअर घोरत होते. तीनच्या सुमाराला बांधाच्या बाजूने बॅटरीचा उजेड हलत आला. मी घाबरून डबा उचलला.

"अबे मी हाय, मी," काकाजी होते. शाल गुंडाळलेली. "घरी झोपच नाही आली. जागा बदलली ना."

ते वर चढले, बाजूला बसले आणि नव्या कॅनव्हासला खालून एकदा हात लावून बघितला. दवाने गार झाला होता, पण थेंब आत आला नव्हता. बराच वेळ आम्ही दोघं तुरीकडे बघत बसलो. डुकरं काही आली नाहीत.

तो दुरुस्त केलेला चौथा तंबू सध्या माझ्याकडे आहे. आत्तापर्यंत पाच रात्री झाल्या. शंभर करायच्यात. फेब्रुवारीत तूर निघेपर्यंत एखाददोन वीकेंड जागलीला जायचा विचार आहे. कुणाला यायचं असेल तर रोस्टरमध्ये जागा आहे. तंबू नसला तरी चालेल. डबा बडवता आला पाहिजे.